आमची व्ही-कट चालते, पोरीचा गुडघ्यापर्यंतचा सूट का चालत नाही?

उद्यमबागवाला
रविवार, रात्री १०:१५

नमस्कार. बेळगावचा आहे, उद्यमबागेत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. बिलं आणि चलनं सोडली तर लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

गेली ११ वर्षं मी सकाळी सहाच्या बॅचला पोहायला जातो. कुठल्या स्विमिंग पुलावर ते लिहीत नाही, तिथली माणसं रोज भेटतात आणि मला पुढंही जायचंय. पोहायला शिकलो मात्र येळ्ळूरला, मामाच्या विहिरीत. कमरेला वाळका भोपळा बांधला, मामानं मागून ढकललं, झालं शिक्षण. अंगावर काय? लंगोट. मिसरूड फुटल्यावर तालमीत जायला लागलो, तिथंही लंगोट. आनंदवाडीच्या आखाड्यात हजारो लोकांपुढं पैलवान लंगोटावर उतरतात, त्यावरून कुणी नाक मुरडलेलं मी अजून बघितलं नाही.

पुलावर आता व्ही-कट, म्हणजे तिकोनी आखूड चड्डी घालतो. निळी, बाजूला पांढरी पट्टी. मागच्या वर्षी इलास्टिक गेलं तेव्हा बायकोनं त्यात नाडी ओवून दिली. माझं वय ४९, पोट त्याच्या हिशेबानं. हे सगळं डोळ्यासमोर आणू नका म्हणणार होतो, खरं मुद्दा कळायला थोडं आणावंच लागेल. कारण ११ वर्षांत या चड्डीवरून मला कुणी चकार शब्द बोललेलं नाही.

मुलगी १४ वर्षांची, नववीत. गेल्या उन्हाळ्याच्या बॅचला सरांनी तिचा हात बघितला आणि म्हणाले, ही फ्रीस्टाइलला चांगली निघेल, स्पर्धेला उतरवूया. रेसिंगचा सूट घ्यायला सांगितला. ऑनलाइन मागवला, चार हजारांच्या वर गेला, किंमत बघून मी आधी फोनच पालथा ठेवला होता. काळा, खांद्यावर पट्ट्या, खाली गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. इतका घट्ट की चढवायला तिची आई लागते. पायात प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यावरून सूट सरकवायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. आम्ही शाफ्टवर बेअरिंग बसवताना घेत नाही एवढी काळजी मायलेकी घेतात.

पंधरा दिवसांपूर्वी ती पाण्यातून वर आली. टॉवेल माझ्या हातात होता. आमच्या बॅचचे एक काका माझ्याजवळ आले. स्वभावानं वाईट नाहीत, दिवाळीला चिवडा आणून देतात. दोन्ही हात कमरेवर, पोहायचा चष्मा कपाळावर, अंगावर एकेकाळी काळी असलेली आणि आता तपकिरी झालेली तिकोनी चड्डी. बाकी सगळं परमेश्वरानं दिलेलं. म्हणाले, "पोरगी मोठी झाली हो आता. जरा अंगभर घालायला सांगा."

अंगभर! तिचा सूट खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. काकांचा मापायचा झाला तर बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर लागेल.

त्याच आठवड्यात बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी हात जोडून 'आपल्या संस्कृतीचं भान' वगैरे टाकलं. खाली अंगठेच अंगठे. या ग्रुपात मराठी आहेत, कन्नड आहेत, दोघं-तिघं घरी कोकणी बोलणारे. १ नोव्हेंबर आला की निम्मे काळा दिवस पाळतात, निम्मे कर्नाटक राज्योत्सवाचं लाल-पिवळं स्टेटस लावतात आणि पुढं चार दिवस कुणी कुणाला गुड मॉर्निंगसुद्धा पाठवत नाही. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न सुटेना झालाय, खरं १४ वर्षांच्या पोरीच्या गुडघ्यावर एका संध्याकाळीत एकमत झालं.

सोमवारी दारात नवा बोर्ड. कन्नडात, खाली इंग्रजीत. (मराठीत का नाही हा वेगळा विषय, त्यावर इथं भरपूर भांडून झालंय.) महिला आणि मुलींनी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिन्स 'कड्डायवागी', म्हणजे सक्तीनं. आणि त्याच्या बरोबर खालची ओळ: पुरुषांना स्विमिंग कॉस्च्युमच सक्तीचा; बर्म्युडा, हाफ पँट, बनियन चालणार नाही, फिल्टर खराब होतो. मी तिथंच उभा राहून दोनदा वाचलं. बाप्याच्या बनियननं बिघडणारा फिल्टर बाईच्या टी-शर्टनं बिघडत नाही, असा फिल्टर कुठं मिळतो बघायला पाहिजे.

आता माझं सांगतो, कारण ते लपवलं तर लिहिण्यात अर्थ नाही. काकांना मी त्या वेळी काय म्हणालो? "हो, बघतो." घरी येऊन पोरीला म्हणालो, थोडे दिवस वरून टी-शर्ट घाल. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही, त्यानंतरही गेली नाही. बायको दोन दिवस माझ्याशी फक्त 'ताट वाढलंय' एवढंच बोलली.

विचारायचं एवढंच, की फिल्टरचं ते खरं असतं काय? असा बोर्ड कुणी बदलून घेतलाय काय? आणि काकांना काय बोलावं? रोज भेटतात, भांडण नको आहे.

---

शिट्टीवाली_निपाणी
सोमवार, सकाळी ७:०५

निपाणीजवळच्या शाळेत २२ वर्षं पी.टी. शिकवतेय, त्यातली १४ पोहण्याची मुलं घेऊन स्पर्धांना जातेय. आधी तुमची चूक सांगते, मग बोर्डाची.

तो नीस्किन, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा रेसिंग सूट, रोज घालायचा नसतो हो! शर्यतीच्या दिवशी घालायचा, संपली की साध्या गार पाण्यातून काढून सावलीत वाळवायचा. रोज क्लोरीनमध्ये बुडवलात तर महिन्या-दोन महिन्यांत त्याचा ताण जाईल आणि चार हजार पाण्यात, शब्दशः. सरावाला पॉलिस्टरचा साधा सूट घ्या, मांडीपर्यंत पाय असलेलाही मिळतो. लायक्रा जास्त असलेला हाताला मऊ लागतो म्हणून लोक तो घेतात, पण क्लोरीनपुढे तो लवकर ढिला पडतो.

आता फिल्टर. बोर्डावरची खालची ओळ बरोबर आहे आणि म्हणूनच वरची चूक आहे. सुती कपड्याचे तंतू सुटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. घाम, साबण, रस्त्यावरची धूळ हे सगळं कपड्यातून पाण्यात उतरतं आणि त्याच्यावर क्लोरीन खर्च होतो. पुलावर गेल्या गेल्या नाकात जातो तो ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तो बहुतेक या घाणीशी क्लोरीनची गाठ पडल्याचा वास असतो. डोळेही त्यानेच चुरचुरतात. यात बाईचा कपडा, पुरुषाचा कपडा असा भेद पाणी करत नाही.

त्यातून पोहणाऱ्याचं काय होतं ते ऐका. सुती टी-शर्ट पाणी पितो, जड होतो. हात वर उचलताना बाही दंडाला धरून ठेवते, खांदा दुखायला लागतो, स्ट्रोक बिघडतो. शिकाऊ पोरीच्या तर टी-शर्टात हवा शिरून तो फुगतो आणि तोंडावर येतो. एका मुलीला मी अशीच ओढून वर काढलीय, चार फूट पाण्यात. चार फूट! तिच्या आईने सैल टी-शर्ट मुद्दाम दोन साइज मोठा घेतला होता, काही दिसू नये म्हणून.

आता स्पर्धेचा नियमही सांगते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १ जानेवारी २०१० पासून असं आहे: पुरुषाचा सूट बेंबीच्या वर जाता कामा नये आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये. बाईचा सूट मान झाकणारा नको, खांद्याच्या पुढे नको, गुडघ्याच्या खाली नको. कापड विणलेलंच हवं, चेन नको. म्हणजे तुमच्या मुलीने बोर्डाप्रमाणे पूर्ण बाह्या आणि घोट्यापर्यंत लेगिन्स घालून सराव केला, तर तो पोशाख या नियमात बसत नाही. आणि गंमत अशी की काकांना हवा तसा अंगभर सूट खरंच गाजला होता, २००८-०९ मध्ये, खांद्यापासून घोट्यापर्यंत, आणि पुरुषांनीही तो हौसेने घातला. विक्रमांमागून विक्रम मोडायला लागले तसे सगळे घाबरले आणि त्यावर बंदी ठरली; २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत तर ४३ विश्वविक्रम मोडले, आणि २०१० पासून बंदी लागू झाली. लाज वाटली म्हणून नव्हे, वेग फार वाढला म्हणून.

हे जुनंच दुखणं आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर डेनिसवर आक्षेप आला होता, की हिच्या सूटमधून खांद्याची पाती फार दिसतात. तिने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्णपदक घेतलं.

अर्ज द्या. रागाचा नको, एका वाक्याचा: स्त्री-पुरुष सगळ्यांना पोहण्याच्या कापडाचाच पोशाख सक्तीचा, सुती कपडे सगळ्यांनाच बंद, आणि त्याच कापडाचा अंगभर पोशाख ज्याला हवा त्याला मोकळीक. ते शेवटचं विसरू नका. माझ्याकडे अशा मुली येतात ज्यांना अंगभरच बरं वाटतं किंवा घरून त्याच अटीवर सोडतात. त्यांनाही पाण्यात यायचं असतं.

---

जुना टिळकवाडीकर
सोमवार, दुपारी १२:४०

उद्यमबागवाले, तुमचा राग समजतो. पण सगळे तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचायच्या आत दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो.

मी ६८ वर्षांचा आहे. पुरुषाचं उघडं अंग आणि बाईचं उघडं अंग लोक एका नजरेने बघत नाहीत. बघायला पाहिजेत हे मान्य, पण बघत नाहीत, आणि ते तुम्ही-आम्ही इथे चार ओळी लिहून बदलणार नाही. पुलाच्या गॅलरीत हल्ली पोरं मोबाईल घेऊन बसलेली असतात. माझी नात १२ वर्षांची आहे. तिचा फोटो कुणाच्या फोनमध्ये गेला तर मॅडमनी सांगितलेला तो २०१० चा नियम सोडवायला येणार आहे का? त्या काकांनी काळजीपोटी सांगितलं असेल. वडीलधाऱ्याने चार शब्द सांगितले की लगेच बुरसटलेला!

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सिनेमाने बिघडवलं सगळं. पोहायचं तर पोहा, पण जनाची नाही तर मनाची तरी.

---

मलप्रभेकाठची
सोमवार, रात्री ९:३०

टिळकवाडीकर काका, सिनेमाने बिघडवलं म्हणता ते कधी, हे विचारते. १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सच्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. पॅरिसला बिकिनी निघाली १९४६ साली, म्हणजे त्याच्यानंतर आठ वर्षांनी. आणि तुम्ही त्याच्याही नंतर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आरती साहा गेली, ११ वर्षांची पोर. १९५९ मध्ये तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली, आशियातली पहिली बाई, सरकारने पुढच्या वर्षी पद्मश्री दिली. ती काय लेगिन्स घालून पोहली असेल? तेव्हा तुम्ही चड्डीत अंगणात खेळत असाल. तुमच्या वेळी हे सगळं होतंच, तुमच्या घरात नव्हतं एवढंच.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठावर. आजीचं शेत पलीकडे. पावसाळा ओसरला की ती लुगड्याचा कासोटा घट्ट मारून, भाकरीचं गाठोडं डोक्याला बांधून नदी पोहून जायची. मांड्या दिसायच्या की. गावाने त्याचं काय केलं? काही नाही, शेत पलीकडे होतं ना. आजही आमच्याकडे रोप लावणीला या. जुलैच्या पावसात बायका चिखलात ओणव्या, साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, पदर कमरेला, पाठ भिजून चिकटलेली. बांधावर ट्रॅक्टरवाला, पंपवाला, भावकीतले सगळे बाप्ये. तिथे कुणी 'जरा अंगभर' म्हणत नाही, कारण म्हटलं तर भात कोण लावणार? रोज मजुरीवर दिसलेला पाय कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. तोच पाय बाईने स्वतःच्या हौसेसाठी पाण्यात मारला की खुपतो.

मी १२ वर्षांची झाले त्या वर्षी माझी नदी बंद झाली. "शहाणी झालीस आता." भावाची चालू राहिली, तो काय वेडाच राहिला म्हणायचा. ३७ व्या वर्षी परत शिकले, बेळगावात येऊन, महिला बॅचला. वेळ दुपारी दोन ते तीन. मे महिन्यात दोन वाजता पुलाच्या फरशीवर अनवाणी चालून बघा एकदा. सकाळचा गारवा बाप्यांना, संध्याकाळचा गारवा बाप्यांना, आणि ज्यांच्या कातडीची एवढी काळजी त्यांना नेमकं टळटळीत ऊन.

मोबाईलचं म्हणणं मात्र तुमचं खरं आहे, त्याला मी हसणार नाही. मलाही तीच भीती वाटते. पण बोर्डावर मोबाईलबंदीची ओळ आहे का? उद्यमबागवाल्यांनी लिहिलेली दिसत नाही. चोर गॅलरीत बसलाय आणि कुलूप पोरीच्या अंगाला.

आणि उद्यमबागवाले, तुम्हालाही एक विचारते, राग मानू नका. तुमच्या पोस्टीत तुमची बायको तीनदा आली. चड्डीत नाडी ओवायला, मुलीला सूट चढवायला आणि ताट वाढायला. ती पोहते का?

---

नंदगडी, सध्या लियों
मंगळवार, पहाटे २:२०

मूळ नंदगडचा, नोकरीनिमित्त चार वर्षं फ्रान्समध्ये आहे. वाचून झोप उडाली म्हणून लिहालोय.

इथं आल्यावर पहिल्याच रविवारी नगरपालिकेच्या पुलावर गेलो, छान गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची बर्म्युडा घालून. गार्डनं पाण्यात पाय टाकायच्या आधीच थांबवलं. इथल्या सरकारी पुलांवर पुरुषाला घट्ट आखूड चड्डीच लागते. कारण विचारलं तर म्हणाला, बर्म्युडा तुम्ही रस्त्यावरही घालून फिरता, बाकावर बसता, ती घाण आमच्या पाण्यात नको. डोक्यावर टोपी पण सक्तीची. निमूटपणे काउंटरवरून चड्डी विकत घेतली. उद्यमबागवाल्यांच्या बोर्डाची खालची ओळ म्हणजे शंभर टक्के फ्रान्स, वरची ओळ मात्र आपली.

खरं इथलं कौतुकही फार करू नका. इथं बाईला उलटं सांगतात. २०१६ च्या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या काही गावांनी अंगभर पोहण्याच्या पोशाखावर, बुर्किनीवर, बंदी घातली. २६ ऑगस्टला इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं त्यातल्या एका गावाच्या बंदीला स्थगिती दिली. पुढं २०२२ मध्ये ग्रेनोबल शहरानं पुलावर तसला पोशाख चालेल म्हटलं, तर त्याच न्यायालयानं ती परवानगी अडवली. बेळगावात घाल म्हणतात, इथं काढ म्हणतात, मापाची टेप दोन्हीकडं बाईलाच लावलेली. २०२१ च्या जुलैत नॉर्वेच्या बीच हँडबॉलच्या मुलींनी बल्गेरियातल्या स्पर्धेत बिकिनीऐवजी आखूड पँट घातली म्हणून दीड हजार युरो दंड झाला, डोक्यामागं १५० युरो. पुरुषांचे संघ त्याच वाळूत आरामात पँट घालून खेळत होते. बोंबाबोंब झाल्यावर वर्ष सरायच्या आत नियम बदलला.

पुरुषांनाही पूर्वी मोकळीक नव्हती हेही सांगतो. अमेरिकेत १९३० च्या दशकापर्यंत समुद्रावर पुरुषानं उघड्या छातीनं फिरलं तर कितीतरी ठिकाणी दंड व्हायचा. त्यांची छाती सुटली आणि आज कुणाला आठवतही नाही की कधी बांधलेली होती.

आता माझी फजिती. कॉलेजात असताना आम्ही सहा जण चोर्ल्यातून गोव्याला गेलो. मी पुलावरची सवय म्हणून व्ही-कट घालून समुद्रात उतरलो. बाकी पाचही जण बर्म्युडात. त्या फोटोवरून मला अजून छळतात, लग्नात स्टेजवर फ्रेम करून आणून दिला. तेव्हापासून आपल्याकडं असताना मी कधी तसली घातली नाही. म्हणजे आखूड घातली तर बाप्यालाही बोलणी बसतात, ती नाही असं नाही. खरं माझी नुसती चेष्टा झाली. माझ्या बापाला जाऊन कुणी सांगितलं नाही, की पोरगा मोठा झालाय, जरा बघा.

---

जुना टिळकवाडीकर
मंगळवार, सकाळी ११:००

मलप्रभेकाठच्या बाई, अंगणात चड्डीत खेळत होतो हे बरोबर ओळखलंत. मोबाईलबंदीची मागणी अर्जात पहिली घाला, मी सही करायला येतो. बाकी माझं मत आहे तेच आहे. दुपारी दोनची वेळ मात्र मलाही पटत नाही, आमच्या सूनबाईंनी त्या उन्हापायीच सोडलं.

---

उद्यमबागवाला
शुक्रवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. कामाची गर्दी होती, उशीर झाला.

मॅडम, रेसिंगचा सूट तुम्ही सांगितल्यासारखा गार पाण्यातून काढून कपाटात ठेवला. सरावाला साधा आणला. अर्ज मराठीत लिहिला, वर्कशॉपातल्या गोकाकच्या पोराकडून कन्नडात करून घेतला. तुमचं ते एक वाक्य आणि खाली मोबाईलचं. आम्ही ९ जणांनी सह्या केल्या, त्यात ४ कन्नड. मॅनेजर म्हणाला, कमिटीपुढं ठेवतो. कमिटी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. खरं मोबाईलबंदीची ओळ त्यानं माझ्यासमोरच लिहिली, मार्करनं, आणि पहिल्यांदाच मराठीतही लिहिली. स्पेलिंग चुकलंय, मी काही बोललो नाही.

काकांना व्हर्निअरचा विनोद सांगायचं धाडस झालं नाही. एवढंच म्हणालो, "काका, पोरगी सूटमध्येच पोहणार. मी तुम्हाला त्या दिवशी हो म्हणालो ते चुकलं." ते म्हणाले, "तुमची मर्जी." आणि तेव्हापासून पलीकडच्या कडेच्या लेनला पोहतात. यंदा चिवडा येईल असं वाटत नाही. पोरगी बुधवारपासून यायला लागली. माझ्याशी अजून मोजकंच बोलते, ते बरोबरच आहे.

मलप्रभेकाठची ताई, तुमचा प्रश्न वाचल्या वाचल्या मी उत्तर लिहायला घेतलं होतं, "नाही, तिला येत नाही." पाठवायच्या आधी म्हटलं विचारून घ्यावं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "येतं की. बेळगुंदीला आमच्या विहिरीत काठावरनं उलटी उडी मारत होते, दहावी होईतोवर. भावाआधी मी शिकले."

१९ वर्षं झाली लग्नाला. मी रोज सकाळी सहाला टॉवेल घेऊन बाहेर पडतो, ती दार लावून घेते. म्हटलं, सांगितलं का नाहीस कधी? तर म्हणाली, "तुम्ही विचारलासा कवा?"

भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगेपर्यंत दोघंही गप्प. मग मीच म्हणालो, येतीस काय? तर म्हणाली, "कशात उतरू? तुमच्या नाडीच्या चड्डीत?" पोरगी आतल्या खोलीतून हसली. त्या पंधरवड्यातलं पहिलं हसणं.

दुपारी दोनला तिला जमत नाही, तिची अंगणवाडीची ड्यूटी असते. सकाळी सहाच्या बॅचला बायका चालत नाहीत असं कुठं लिहिलेलं नाही, मी बोर्ड परत वाचून आलो. नुसतं कुणी येत नाही एवढंच. तेव्हा सोमवारपासून तिघं जातोय. बोर्डाची वरची ओळ अजून तशीच आहे. मॅनेजरनं अडवलं तर बघू, ती म्हणाली मी बोलते.

आता शेवटचा प्रश्न शिट्टीवाल्या मॅडमना. तिला साधा, मांडीपर्यंत पाय असलेला, काळाच हवाय. दुकानात उभं राहून घालून बघायला तयार नाही, ऑनलाइनच घ्यायचाय. साइज कशी ठरवायची? ब्लाउजच्या मापानं मागवला तर चालेल काय?

---

शिट्टीवाली_निपाणी
शनिवार, सकाळी ६:३०

ब्लाउजच्या मापाने अजिबात मागवू नका, खांद्यावर काचेल नाहीतर पाठीवर पिशवीसारखा लोंबेल. शिलाईची टेप घ्या. एका खांद्याच्या मध्यावरून पुढून खाली, दोन्ही पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणा. ते एक माप. मग छाती, कंबर, नितंब. ही चार मापं साइटवरच्या तक्त्यात बघा. दोन साइजच्या मध्ये पडलं तर लहान घ्या, पाण्यात कापड थोडं सैल होतं. उभ्याने आखडल्यासारखा वाटला तरी घाबरायचं नाही, कोरडा सूट तसाच वाटतो. पट्ट्या पाठीवर इंग्रजी एक्ससारख्या जाणाऱ्या बघा, उलटी उडी मारणार असेल तर सरळ पट्ट्या खांद्यावरून घसरतात.

माप मुलीला घेऊ दे. तुम्ही व्हर्निअर आणाल.